लेटीने तोंड फिरवलं

बेझवॉटर, लंडन
१९ फेब्रुवारी १८७४

प्रिय टॅमरताई,

तुझी, भावोजींची आणि चारही पोरांची मला रोज आठवण येते. मी खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे? सशाच्या कातड्यांवरचे केस उपटून उपटून ती लव तुझ्या छातीत जाऊन बसली असणार. खिडकी उघडी ठेव म्हटलं तर भावोजी म्हणणार, "थंडी काय तुझा बाप अडवणार?" तेही खरंच.

हे पत्र तूच वाच. अक्षरं लावायला वेळ लागला तरी चालेल, पण भावोजींकडून वाचून घेऊ नकोस.

माझं इथे झकास चाललंय बघ. अकराला आणि चारला बिअरचा पेला, जेवणात रोज मटण. दूध पाजणाऱ्या दाईने खाल्लंच पाहिजे, डॉक्टरांचा हुकूमच आहे. गाल वर आलेत माझे. इथे माणसागणिक खोली, आणि कुणी कुणाला भेटत नाही. बाईसाहेब आपल्या बाळाला बघतात ते संध्याकाळी पाच ते सहा. लेसचा झगा घालून ऑब्रीला खाली न्यायचं, सहाच्या ठोक्याला वर आणायचं. परवा मलाच विचारतात, "दाई, हा रात्री किती वेळा उठतो गं?" तुझ्या एका खोलीत तुम्ही सहा जण आणि आता माझी लेटी, एकाच्या कुशीत दुसरा. पण कोण कधी कूस बदलतं ते तुला झोपेतही कळतं. मला हसू आलं, मग नाही आलं.

आता रविवारचं. तू रागावून गेलीस, हक्कच आहे तुझा. बर्मंड्सीपासून एवढ्या चिखलातून लेटीला शालीत गुंडाळून आणलीस, आचारीणबाईंनी जीव मुठीत धरून मागच्या दाराने आत घेतलं, आणि मी पाच मिनिटांत पोरगी तुझ्या हातात कोंबली. "मोठ्या घरची झालीस गं बाई, पोटची पोर नकोशी झाली," म्हणालीस.

मी म्हटलं, डॉक्टरांची मनाई आहे. मनाई आहेच. आजार येतो म्हणून आपल्या मुलाला शिवायचंही नाही, हे कबूल करूनच मी आले. पण त्यासाठी नाही दिली मी तिला परत.

तू पाठमोरी शेकोटीशी हात शेकत होतीस, तेव्हा मी तिला छातीशी लावलं. ती पिईना. चार महिने बाटलीची सवय. तिने तोंड फिरवलं, आणि परक्या बाईने उचलल्यासारखी रडायला लागली. रडली तरी किती, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. केवढी हलकी झालीय गं! सहा महिन्यांची पोर, आणि मनगट माझ्या बोटाएवढं. तिच्या रडण्याने मला पान्हा फुटला नाही. एक थेंब नाही. आणि तेवढ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर, बंद दारांमागे ऑब्री रडला. माझा झगा पुढून भिजून गेला.

पोटच्या पोरीला कोरडी आणि परक्याला ओली! ते तुला दिसू नये म्हणून कोंबली तिला तुझ्या हातात.

सोमवारी मी बाईसाहेबांच्या हातापाया पडले, मला घरी जाऊ द्या म्हटलं. त्या वाईट नाहीत. रडल्या. त्यांची आधीची दोन वरच्या दुधावर गेली. "माझ्या ऑब्रीला मारून जाणार का तू?" म्हणाल्या. माझी लेटी मरतेय, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण घरी येऊन मी करणार काय? ती माझं पीत नाही. पगार बंद होईल, आणि तुझ्या घरात एक तोंड तेवढं वाढेल. मी "बरं, बाईसाहेब" म्हटलं आणि वर गेले. ऑब्री मला बघून हसला. मीही हसले, ताई. मनापासून हसले. यापेक्षा वाईट तुला काय सांगू?

तुझा काही दोष नाही. आपल्या पोरांच्या तोंडचा पाव भिजवून तू तिला भरवतेस. पण तिचे डोळे मी पाहिले. आपल्या धाकट्या दोन भावंडांचे शेवटी असेच छताला लागले होते. मला कळलंय, आणि तुलाही.

तिला पुन्हा आणू नकोस. रात्री तुझ्या पोरांच्या मधे झोपव, ऊब मिळेल.

आणि ऐक. हे पत्र आचारीणबाई गुपचूप टाकतील, पण मला आलेली पत्रं इथली थोरली आया आधी फोडून वाचते. दाईला दुःख झालं की दूध नासतं म्हणतात, त्याच दिवशी तिला घराबाहेर काढतात. तेव्हा जे व्हायचं ते झालं, तरी मला कळवू नकोस. दर रविवारी एवढंच लिही, लेटी बरी आहे. उन्हाळ्यात लिही, रांगायला लागली. पुढे लिही, उभी राहिली. मी खरं मानेन.

तुझी धाकटी,
लेटीची आई,
केझिया