बत्तासा, रेवडी आणि साथीचा बंदोबस्त

२२ नोव्हेंबर १९५४, सोमवार
पेपरात बातमी. विलायतेत सशांची साथ. लाखो मेले. डोळे सुजतात, ससा आंधळा होऊन मरतो. पाळीव असो की रानातला, कोणी सुटत नाही. ऑफिसात वाचून दाखवली तर हेडक्लार्क हसले. या गावाला गांभीर्य नाही.
माझी बायको सुमती जाऊन तीन महिने झाले. तिचे दोन ससे, बत्तासा आणि रेवडी, माझ्याकडे आहेत. काल तिची थोरली बहीण यमुताई रामदासपेठेतून आली होती. म्हणाली, श्रीधरराव, तुमचे स्वतःचे दोन वेळचे जेवण धड होत नाही, ससे काय सांभाळणार? मला द्या. शेवटी संक्रांतीपर्यंत मुदत मिळाली. तोवर दोघे ठणठणीत राहिले तर माझे, नाहीतर तिचे.
राहतीलच. शोक वगैरे मला जमत नाही. शिस्त जमते.

२४ नोव्हेंबर
नियम केले. खुराड्यात रोज फिनेल. सशांना हात लावण्यापूर्वी जंतुनाशक लाल दवा टाकलेल्या पाण्याने हात धुणे, सर्वांना सक्तीचे. मी सोडून. मी स्वच्छच असतो. फाटकावर पाटी : ‘साथीमुळे प्रवेश बंद.’
खरा धोका शेजारी. मारोतराव. पूर्वी हातमागावर होते, आता गिरणीत आहेत. चार ससे पाळतात, तेही विडी ओढत. पाटी वाचून भिंतीपलीकडून विचारले, काहून जी बाबूसाहेब, कुठं आली साथ? विलायतेत, असे मी सांगितले. तर म्हणाले, मंग तिले आधी पासपोर्ट तर भेटू द्या.
पाटीत ‘सक्त’ हा शब्द वाढवला.

२८ नोव्हेंबर, रविवार
नुसते घरचे ससे वाचवून भागणार नाही. रानातल्यांचीही पाहणी हवी. सायकलने हुडकेश्वर या खेड्यात. कवडू नावाच्या शेतकऱ्याने हरभऱ्यात शिरलेला ससा धरून टोपलीखाली ठेवला होता. कान खपल्यांनी भरलेले. वीस मिनिटे मांडीवर घेऊन तपासला. डोळे स्वच्छ. म्हणजे साथ नाही. कवडूला हात धुवायला लावले. तो म्हणाला, मी तं काडीनं ढकलला जी, हात तुम्हीच लावून राहिले. तरी धुवायला लावले. लोकांना सवय लागली पाहिजे. ससा रानात सोडण्याचे त्याने कबूल केले, पण त्याची बायको चूल पेटवत होती.
घरी आलो तेव्हा बत्तासा-रेवडी भुकेले. तसेच मांडीवर घेऊन पालक चारला.

१ डिसेंबर
मारोतराव गिरणीच्या पाळीवर असताना भिंतीवरून उतरून त्यांच्या चारही सशांचे कान तपासले. निरोगी. आश्चर्य आहे. ही पाहणी रोज करणार. वहीत तारीखवार नोंद.

६ डिसेंबर
बोटांच्या बेचक्यांत खाज. लोकरी कोट. पाहणी केली.

११ डिसेंबर
खाज मनगटापर्यंत. कोट घातला नव्हता. संतापाने होत असावी. मारोतराव दिसले की वाढते.

१७ डिसेंबर
शेवटी सापडले! मारोतरावांच्या एका सशाच्या कानाला खपली. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. गुरांच्या दवाखान्याला अर्ज, तीन प्रती. ‘शेजाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द अधोरेखित.

२० डिसेंबर
बत्तासा कान खाजवतो. रेवडीच्या नाकावर पांढरी खपली.
भिंतीपाशी जाऊन मारोतरावांना स्पष्ट सुनावले की हा रोग तुमच्याकडून आला. ते म्हणाले, आमचे ससे भिंत चढत नाही जी. चढते कोण, ते आमच्या घरवालीनं, मैनाबाईनं पंधरा दिवसांपासून पाह्यलं. मले सांगे, बाबूले दुःख झालं हाये, घेऊ द्या सशाले कुशीत.
हा अपमान आहे. मी पाहणी करत होतो.

२३ डिसेंबर
गुरांचे डॉक्टर आले. अगदी तरुण. दोन मिनिटे पाहून म्हणाले, विलायती साथीचा काही संबंध नाही, ही खरूज आहे. मग मला म्हणाले, बोटे फाकवा. फाकवली. मी माझी वही पुढे केली. त्यांनी ती सगळी वाचली आणि म्हणाले, आधी हुडकेश्वर, मग हे घर, मग शेजार, मधे फक्त तुम्ही. इतकी व्यवस्थित लिहून ठेवलेली साथ मी पाहिली नाही.
मला प्रथम ते कौतुक वाटले. मारोतराव भिंतीपलीकडे बराच वेळ खोकत होते.

२४ डिसेंबर
डॉक्टर नवशिके. वरिष्ठांकडे तक्रार करणार. मसुदा अर्धा झाला. खाजवताना दौत सांडली.

२६ डिसेंबर, रविवार
यमुताई आली. कोणी कळवले ते विचारले नाही. पाटी वाचली, फाटक ढकलले. संक्रांतीला अजून अवकाश आहे, असे मी सांगितले. ती म्हणाली, श्रीधरराव, सशांना संक्रांत कळत नाही. खोक्यात गवत घालून दोघांना रिक्षात ठेवले. परत कधी, हे मी विचारले. म्हणाली, ते आठवड्याभरात बरे होतील. तुम्ही पूर्ण बरे झालात अशी डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग न्या. नाही आणली तर राहतील माझ्याकडे.
चिठ्ठी आणणारच.

२८ डिसेंबर
माणसांचे डॉक्टर. गंधकाचे मलम. गळ्यापासून तळव्यांपर्यंत, तीन दिवस. बोटभरही जागा सुटली तर सगळे परत येईल, चिठ्ठी मिळणार नाही.
पाठीला हात पोहोचत नाही. ऑफिसच्या फूटपट्टीला फडके बांधून पाहिले. मलम भिंतीला लागले. भिंतीला पाठ घासून पाहिली. नाही.
कोणाला बोलावणार नाही.

२९ डिसेंबर
मारोतराव आले. त्यांच्याही हाताला खरूज आहे. म्हणाले, तुमचीच देणगी जी. सांगायला आले होते की त्यांचे ससे बरे आहेत. मी सदऱ्याशिवाय होतो. त्यांनी मलमाची फूटपट्टी पाहिली. म्हणाले, फिरा तिकडे.
फिरलो.
हात खरखरीत आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत, एकही जागा सोडली नाही. मधेच म्हणाले, लई दिवस झाले का जी, कोणी पाठीले हात लावून?
चार महिने, असे मी सांगितले. सांगण्याची गरज नव्हती.
उद्या सकाळी सातला पुन्हा येणार आहेत.