शिट्टीपुरता श्वास

३ फेब्रुवारी
पोटरी दुखावली तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली होती. मी अकरा आठवडे घेतली. कुठलंही काम मी अर्धवट सोडत नाही. उद्यापासून पळणं पुन्हा सुरू. फुटबॉलची आंतरशालेय फायनल १० मार्चला. बारा वर्षं शाळांच्या मॅचना रेफरी आहे, पण फायनलची शिट्टी एकदाही मिळाली नाही. या वर्षी नंबर माझाच.

बायको म्हणाली, आधी आठवडाभर नुसतं चाला. हिला काय सांगणार! नोव्हेंबरात मी पाच किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत पळत होतो. स्टॅमिना म्हणजे काय दूध आहे नासायला?

४ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
पळालो. दुसऱ्या विजेच्या खांबापर्यंत. हवा जड आहे.

६.४०
अजून धाप. लेकीने नाडी मोजली. आकडा सांगितला नाही, आईला हाक मारली.

५ फेब्रुवारी
रिकव्हरी डे.

६ फेब्रुवारी
रिकव्हरी डे. शरीराचं ऐकावं.

९ फेब्रुवारी
दोष बुटांचा आहे. नवे मागवले. ते येईपर्यंत जुन्या बुटांत पळणं अशास्त्रीय.

१६ फेब्रुवारी
बूट आले. चावतात.

१८ फेब्रुवारी
फुटबॉल असोसिएशनचा फिटनेस फॉर्म आला. आपला आपणच भरायचा. 'आपण पाच किलोमीटर तीस मिनिटांत पळू शकता का?' मी ठामपणे 'हो' लिहिलं. कधी, ते विचारलेलं नाही.

लेक म्हणाली, बाबा, हे खोटं आहे. नववीच्या मुलीला व्याकरणातला रीतिवर्तमानकाळ माहीत नसावा, हे शिक्षणपद्धतीचं अपयश.

१९ फेब्रुवारी
ऑफिसची लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचला. तिसऱ्यावरही वाचला. रक्तदान शिबिर मागच्या जूनमध्ये होऊन गेलं.

२३ फेब्रुवारी
सराव सामना. सुरुवातीची दहा मिनिटं जीव नुसता घशाशी. मग एका मुलाने दुसऱ्याला धक्का मारला, मी पिवळं कार्ड काढलं आणि वहीत त्याचं नाव लिहायला लागलो. काय सांगू! नाव लिहीपर्यंत सगळा खेळ थांबतो. श्वास परत येतो. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

त्यानंतर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता आणि तुकडी, सगळं लिहून घेतलं. एकाचं आडनाव सुदैवाने फारच लांब होतं. एकूण सात कार्डं. शिस्त म्हणजे शिस्त.

१ मार्च
फायनल मला मिळाली! असोसिएशनच्या सेक्रेटरींचा फोन आला. बारा वर्षं! बायकोचे डोळे भरून आले. नंतर ती म्हणाली, आता तरी पळा हो. उद्यापासून नक्की.

२ मार्च
पाहुणे.

५ मार्च
आता पळून स्नायू थकवण्यात अर्थ नाही. शक्ती राखून ठेवतो आहे. जुन्या पेनाऐवजी पेन्सिल घेतली. तिला मधेच टोक काढावं लागतं.

१० मार्च, रात्री ८
झाली फायनल! सविस्तर लिहितो.

पहिला हाफ: मुलं उगाच फार पळतात. चेंडू या टोकाला, की लगेच त्या टोकाला. मला पळता भुई थोडी. नऊ कार्डं द्यावी लागली. एक गोलकीपरला. तो काही करत नव्हता, पण सगळ्यांत जवळ तोच होता. एकदा शिट्टी फुंकली तर नुसती हवा निघाली. लाइन्समनने झेंडा हलवला म्हणून निभावलं.

दुसरा हाफ: माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम! एकही कार्ड नाही. दोन्ही संघ कमालीचे सभ्य. सावकाश पास, मधल्या वर्तुळाच्या आसपासच खेळ. हाफ टाइमनंतर मी फक्त कडक नजरेने पाहत होतो, तेवढ्याने सुतासारखे सरळ झाले. एकाला समोर रिकामा गोल मिळाला, तर त्याने चेंडू मागे दिला. नवशिके! शून्य-शून्य. मग पेनल्टी शूटआउट. त्यात रेफरीने एका जागी उभं राहायचं असतं. तिथला माझा निर्णय न् निर्णय अचूक. प्रेक्षकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. काही तर उभे राहिले.

११ मार्च
हरलेल्या संघाचा कॅप्टन लेकीच्या वर्गात आहे. जेवताना तिने सांगितलं.

हाफ टाइमला नळापाशी दोन्ही कॅप्टन भेटले. सरांचा चेहरा जांभळा झालाय, एक म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, मग करायचं काय? ठरलं असं, की गोल कुणीच मारायचा नाही. सामना शूटआउटपर्यंत न्यायचा, म्हणजे सरांना उभं राहता येईल.

हरल्यावर तो मुलगा रडला का, मी विचारलं. लेक म्हणाली, थोडा. पण म्हणाला, हरलो तर हरलो, सर चालत घरी गेले ना.

बायकोने वाढलं, मी जेवलो. लाज वाटली. खरंच वाटली.

१२ मार्च
फॉर्ममधलं उत्तर खरं नव्हतं, असं असोसिएशनला पत्र लिहिलं. कार्डं मागे घ्यावीत, असंही लिहिलं. एवढं पत्र स्वतःच्या हाताने द्यावं म्हणून निघालो.

सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. खाली पत्रपेटी होती, तिच्यात टाकलं.