निहारची अक्कल

रत्नागिरी,
१२ मे २०२४

निलेशराव यांस,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. उकाडा फार आहे आणि यंदा आंबा उशिरा उतरला. फोनवर तुम्ही मला एकही वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

निहार एकोणीस वर्षांचा झाला. आपला घटस्फोट झाला तेव्हा आठ वर्षांचा होता. हल्ली एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या भरायला जातो. बोलताना अजून अडखळतो, हिशेब येत नाही. तुमचा फोटो मात्र त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. रोज शर्ट काढताना बघतो.

एप्रिलमध्ये तुम्ही फोनवर म्हणालात, "हेतलला दिवस गेलेत. निहारचा दोष माझ्या रक्तातून आला असेल तर आत्ताच कळायला हवं. त्याचं रक्त तपासून घे. आणि हेतलला यातलं काही माहीत नाही, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस."

मी निहारला सांगितलं, "बाबांकडे बाळ येणार आहे. त्याच्यासाठी तुझं रक्त हवंय." त्यानं लगेच बाही वर केली आणि विचारलं, "सगळं घेतील?"

शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. बुद्धी, अक्कल, हुशारी, समज असे शब्द पुस्तकात एका ओळीत समानार्थी म्हणून छापलेले असतात आणि मुलं ते पाठ करतात. मी त्यांना मार्क देते, पण माझा विश्वास केव्हाच उडालाय. तुम्ही बोर्डात आलात, ती बुद्धी. नोकरीत भराभर वर चढलात, ती हुशारी. पहिलं लग्न सांगायचं आणि त्यातला मुलगा तेवढा गाळायचा, याला लोक चलाखी म्हणतात. अक्कल निराळी. ती कुठल्या परीक्षेत मोजत नाहीत. लहानपणी निहारच्या बुद्धीची चाचणी घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "याला खोटं बोलता येणार नाही. त्यालाही बुद्धी लागते." मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आता मार्चमधलं, गणपतीपुळ्याच्या देवळातलं लिहिते. फोनवर तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही काढला नाही.

तुम्हाला वाटलं असेल, निहार एकटाच होता. मी चपला ठेवायला मागे थांबले होते, खांबाआड. त्यानं तुम्हाला ओळखलं आणि गर्दीतून "बाबा, बाबा" करत धावला. तुमचा हात धरला. हेतलनं विचारलं, "कोण हा?" तुम्ही हात सोडवून घेतलात, रुमालानं पुसलात आणि म्हणालात, "असेल कोणी वेडसर. देवळाबाहेर असतात असे. चल."

मला सगळं ऐकू आलं, हे निहारला माहीत नव्हतं. तो सावकाश माझ्याकडे आला. हसत होता. म्हणाला, "आई, ते बाबा नव्हते. माझी चूक झाली. दुसरेच काका होते."

एस.टी.त बसल्यावर मला पुन्हा म्हणाला, "तू रडू नको. खरंच दुसरे होते." मी रडत नव्हते. रडत तो होता.

चाचणीवाल्या बाई चुकल्या, निलेशराव. तो खोटं बोलला. मला लागू नये म्हणून बोलला.

तपासणीचा निकाल गेल्या आठवड्यात आला. त्यांनी माझंही रक्त घेतलं होतं; दोष माझ्याकडून आलाय. सासूबाई पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होत्या. तेव्हा मी त्यांना शिक्षणाचा गर्व दाखवून गप्प केलं होतं. त्यांना सांगा, जिंकलात. डॉक्टर म्हणाले, तुमच्या होणाऱ्या बाळाला याचा धोका नाही.

एवढंच तुम्हाला फोनवर कळवता आलं असतं. मी तसं केलं नाही. हेतल विश्रांतीला पावसला सासूबाईंकडे आली आहे आणि तुम्ही पुण्याला परतलात, हे कळलं. काल निहारला घेऊन तुमच्या घरी गेले.

सासूबाई पडवीत होत्या. उठून आडव्या आल्या. "ह्याला कशाला आणलंस गो हितं? घरात पोटुशी बाई हाय!"

तोवर हेतल बाहेर आली. तिनं त्याला ओळखलं. "हा त्या दिवशीचा देवळातला ना?"

मी म्हटलं, "मी मनिषा. तुमच्या नवऱ्याची पहिली बायको. आणि हा त्यांचा मुलगा, निहार."

"ते म्हणाले होते, मूल नव्हतं."

निहार घाबरून पुढे झाला. "नाही नाही, काकी. मी त्यांचा नाही. मी कोणीच नाही. आईला माहीत नाही." तुम्हाला वाचवत होता. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. आजवर मी त्याला असं कधी गप्प केलं नव्हतं. पण तुमच्यासाठी त्यानं अजून एक खोटं बोलावं, हे मला सहन झालं नाही.

मग हेतलला सगळं सांगितलं. बाळाला धोका नाही, तेही. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं होईल. ती पोटावर हात ठेवून निहारकडे वळली. मग म्हणाली, "आणि धोका असता तर? माझ्या मुलाचा हातही त्यांनी असाच पुसला असता?"

  ती उद्या पुण्याला निघते आहे, तुम्हाला समोर बसवून हेच विचारणार आहे. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही.

 परतताना एस.टी.त निहारनं विचारलं, "बाळ माझ्यासारखं नाही ना होणार?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बाबा खूश होतील," तो म्हणाला, आणि खरोखरच खूश झाला.

कळावे. लोभाचं काही लिहीत नाही.

मनिषा