पाहुण्यांसमोर खवल्यांसकट

तीर्थस्वरूप मावशीस,

दोन्ही हात साबणाने दोनदा धुऊन जोडलेला नमस्कार. (वास तरीही जात नाही, हे तू सांगायचीस. खरं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? बर्फवाला अजून वितळलेलं पाणी वजनात धरतो का? ठेल्याखालचं ते एकडोळं मांजर जिवंत असेल तर त्याला विचारलंय म्हणून सांग, पण माझ्या नावाने काही खायला घालू नकोस, त्याने माझा डबा दोनदा पळवलाय. दोन वर्षांत माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील आणि त्यात तुझं काहीच चुकलेलं नाही. पण आधी माझ्या नोकरीचं ऐक. ती परवा जाता जाता राहिली, आणि राहिली ती तुझ्यामुळे.

मी हल्ली एका संशोधन केंद्रात मदतनीस आहे. टेबलं पुसायची, बाटल्या धुवायच्या आणि विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. (यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड.) अजून कच्चा आहे. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. माझ्या वरच्या बाई माशांचा अभ्यास करतात. बाई स्वभावाने गरीब, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्या रागावल्यात की नाही हे कळायला मला जरा वेळ लागतो.

मंगळवारी सकाळी बर्फाच्या पेटीतून तीस मासे आले, प्रत्येकाच्या कल्ल्यात नंबराची चिठ्ठी खोचलेली. तेवढ्यात बाईंना पलीकडच्या इमारतीत बोलावणं आलं. जाताना त्या म्हणाल्या की दुपारी मोठे साहेब हे मासे बघायला येणार आहेत, तोवर लक्ष ठेवा. मी ठेवलं. अर्धा तास नुसतं लक्षच ठेवलं, आणि मग मला घाम फुटला. मोठा माणूस येणार आणि मासे समोर खवल्यांसकट? अठरा वर्षं तुझ्या हाताखाली काढलेल्या माणसाला हे बघवतं होय? बाई शिकलेल्या असल्या तरी त्यांना घाईत सुचलं नसेल, असं समजून मी कपाटातली बोथट सुरी काढली आणि शेपटीकडून डोक्याकडे सुरुवात केली. दीड तासात तीसच्या तीस मासे लख्ख. (तुला तासभर पुरला असता हे मान्य, पण तुझी सुरी चांगली होती.)

बाई आल्या, त्यांनी माशांकडे पाहिलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आनंदाने. मग कळलं की पाच महिने वाट बघून ते मासे मिळाले होते, आणि त्यांचे खवलेच बाईंना हवे होते, कुठल्या माशाचा कुठला हे ठाऊक असलेले. मावशी, मी हातातली सुरी हळूच पाठीमागे लपवली. इतक्यात त्यांची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे वर्तमानपत्राचे तीस कागद, प्रत्येकावर एकाच माशाचे खवले आणि त्याची चिठ्ठी.

"प्रत्येकाचे वेगळे ठेवलेत?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "नाहीतर खवले जुळत नाहीत, मासा बदलला म्हणून गिऱ्हाईक भांडतं."

तुला आठवतं का, मी एकदा दोन गिऱ्हाइकांचे खवले एकत्र केले होते, तर तू मला दुपारभर ते निवडायला बसवलं होतंस? त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात फार बोललो होतो. ते सगळं मागे घेतो.

नंतर बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून खवला दाखवला. गिऱ्हाईक गेलं की आपण जन्मभर बादलीत ढकलली ती वस्तू! त्यात गोल गोल रेघा असतात. खायला भरपूर असलं की लांब लांब, उपासमार झाली की दाटीवाटीने, आणि त्यावरून माशाचं वय कळतं. अकरा नंबरचा मासा सात वर्षांचा निघाला. (असे किती म्हातारे आपण कोवळे म्हणून विकले, ते तू आणि मी जाणे.) खवले कौलांसारखे एकावर एक बसतात आणि त्यांची मोकळी कड शेपटीकडे असते, म्हणून अंग वाकतं आणि पाणीही सरसर मागे जातं. वरचा बुळबुळीत थर, ज्याला आपण शिव्या देत धुतो, तो रोगराई अडवतो. कुणाचा दात लागला तर दोन खवले जातात, मासा सुटतो आणि खवले पुन्हा येतात. सापाच्या अंगातलं पाणी खवल्यांमुळेच उन्हात सुकत नाही. खवले मांजर तर संकट दिसताच स्वतःचं गाठोडं करतं आणि मोठमोठ्या जनावरांचे दात त्यावर नुसते घसरतात. (मंगळवारी मला हे जमलं असतं तर फार बरं झालं असतं.)

आई गेल्यावर तू मला ठेल्यावर उभं केलंस, तेव्हा वाटायचं तू मला राबवून घेतेस. आता कळतं की जगात कुणी चावा घेतला तर निभाव लागावा, एवढं तू माझ्या अंगावर चढवत होतीस. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तुझा
धांदरट भाचा

ता. क. बाई मला नमुने तयार करण्याच्या कामावर कायम करायला तयार आहेत, पण त्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो. सोबत लिहूनच पाठवलाय, खाली फक्त तुझी सही हवी. "काम समाधानकारक" हे वाचून हात अडखळला तर ते खोडून "बरं" लिही, तेवढ्यावर भागेल.

ता. क. दुसरा. निघताना भर बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो होतो की तुझ्या ठेल्यावर काम केलं हे जन्मात कुणाला सांगणार नाही. इथल्या अर्जातही "अनुभव नाही" असंच लिहिलं होतं. मला त्याची लाज वाटते, मावशी. माफ कर.

ता. क. तिसरा. नव्या अर्जात "कोणाकडे शिकलात" असा रकाना आहे. तिथे तुझं पूर्ण नाव पेनाने लिहून अर्ज बाईंच्या हातात दिलाय. तू सही केली नाहीस आणि नोकरी गेली, तरी ते मी खोडणार नाही.