तक्त्यावरची गायब अक्षरं

३ मार्च
आजपासून डोकं दुखणार नाही. ठरलं.
महिनाअखेरीस मालक नव्या शाखेचा इन्चार्ज नेमणार. या चष्म्याच्या दुकानात माझ्याइतके डोळे कुणी तपासलेले नाहीत. फक्त डोकेदुखीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कुरकुऱ्या माणसाला शाखा कोण देतं?
बायको म्हणते, हे मायग्रेन आहे. अजिबात नाही. मायग्रेन हळव्या लोकांना होतं. माझं डोकं दुखत नाही, दुखवलं जातं. कोण दुखवतंय, एवढंच शोधायचं आहे.

५ मार्च
संशयित क्रमांक एक: सेंटबाई. दुकानात नवीन, तीही डोळे तपासते, आणि शाखेवर तिचाही डोळा आहे. ती आली की दुकानभर वास, आणि पाठोपाठ माझं डावं कानशील ठणकायला लागतं. योगायोग म्हणे!
आज आडून आडून सुचवलं, सेंट जरा कमी लावत जा. म्हणाली, "सर, मी सेंट लावतच नाही, त्याने माझंच डोकं उठतं. हा काचा पुसायच्या नव्या स्प्रेचा वास आहे. तुम्हीच मागवलाय ना?"
चोराच्या उलट्या बोंबा. मी तिला सेंटबाईच म्हणणार.

८ मार्च, संध्याकाळ
घरातही पाणी मुरतंय. बायको आणि लेक सतत कुजबुजतात. मी आत पाऊल टाकलं की चिडीचूप. हॉलमधली ट्यूब काढून मिणमिणता पिवळा बल्ब लावलाय. का, विचारलं. बायको म्हणाली, सहज. सहज कोण स्टुलावर चढतं?
शिवाय लेकीच्या दप्तरात दोन लाकडी काठ्या सापडल्या. टोकाला गोलसर. "शाळेच्या आहेत," म्हणाली, आणि आईकडे बघितलं. संध्याकाळ झाली की त्या घेऊन कुठेतरी जाते.
काठ्या!! लक्ष ठेवणे.

१२ मार्च
आज हद्द झाली. एक रिटायर्ड बाई तपासणीला आल्या. मी खुर्चीत बसवलं, काच घातली, समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तेवढ्यात माझ्या डोळ्यासमोर चकचकीत नागमोडी रेघ हलायला लागली आणि तक्त्यावरची मधली अक्षरं गायब! बाई मात्र खालची ओळ धडाधड वाचतायत. म्हटलं, बाई, अंदाजाने ठोकू नका, तिथे अक्षरंच नाहीत. त्या म्हणाल्या, आहेत. मी म्हणालो, नाहीत. जुंपली. शेवटी त्या म्हणाल्या, तपासायचंय कुणाला, मला की तुम्हाला?
लगेच दारात सेंटबाई हजर. "सर, मी बघू का?" बघ ना. तक्ता तूच बदलला असशील.
नंतर डोकं असं उठलं की विचारू नका. ओकारीही झाली. डब्यातली भाजी संशयास्पद. तपासणीच्या खोलीत दिवा मालवून, टेबलावर कपाळ टेकून बसलो. पाळत ठेवायला अंधार बरा पडतो.

१३ मार्च
दुकान उघडताच तक्ता पाहिला. सगळी अक्षरं जागच्या जागी. परत आणून लावली! माणसं पोचलेली आहेत.

१७ मार्च
नवा नियम: बाहेरचं आणि घरचं, दोन्ही खायचं नाही. बघू आता कशात काय घालतात.
दुपारपर्यंत डोक्यात घण. म्हणजे हवेतूनच काहीतरी.
सेंटबाईने बिस्किटं पुढे केली. "उपाशी राहू नका सर, त्याने वाढतं. मलाही होतं हे." वर एका डॉक्टरचं कार्डही दिलं. आता हिला माझ्याच आजारात वाटा हवाय! कार्ड खिशात ठेवलं. पुरावा म्हणून.

२२ मार्च
आज मालक स्वतःचे डोळे तपासून घ्यायला बसले. मी ओळखलं, ही माझी परीक्षा. पूर्ण तयारीत होतो. आणि ऐन वेळी पुन्हा ती नागमोडी रेघ. मालकांचा अर्धा चेहरा दिसेना. अर्ध्या चेहऱ्याला हसून दाखवलं. काचांवरचे आकडेही अर्धेच दिसत होते, पण अनुभव कशासाठी असतो? हाताला लागतील त्या काचा फ्रेममध्ये बसवल्या आणि म्हटलं, चालून बघा साहेब.
मालक चालले ते थेट काचेच्या दारावर.
ते दार कुणी लावलं होतं, याची चौकशी झाली पाहिजे.

२५ मार्च
शाखा सेंटबाईला.
मालक कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाले, रजा घ्या आणि डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, साहेब, या बाईंनाही डोकेदुखी आहे, विचारा! मालक म्हणाले, "माहीत आहे. तिने पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्रास सुरू झाला की ती तपासणी थांबवते. तुम्ही का नाही थांबवलीत?"


२६ मार्च
रजा. रिकामा वेळ सत्कारणी लावला, लेकीच्या मागे गेलो. काठ्या घेऊन ती शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये शिरली. आता मुद्देमालासकट पकडतो म्हणून दार ढकललं.
आत ड्रम. चांगला मोठा, चकचकीत. मला पाहताच तिने दोन्ही हात ड्रमवर दाबून आवाज बंद केला आणि सवयीने कुजबुजली, "बाबा, डोकं?"
शाळेचा कार्यक्रम गेल्या आठवड्यातच झाला म्हणे. तिने एकटीने वाजवलं. मला सांगितलं नाही, कारण तिथे दिवे फार आणि आवाजही फार. आई म्हणाली होती, बाबांना सोसणार नाही.
म्हणजे बल्ब, कुजबुज, सगळं माझ्याच डोक्यासाठी. आता संशय घ्यायला कुणी उरलंच नाही. फार वाईट वाटलं.
म्हटलं, वाजव. तिने बोटांनी हळूच टकटक केलं. म्हटलं, असं नाही, जोरात. तिने वाजवलं. काय वाजवते पोरगी! मला पहिलं गाणंसुद्धा पुरं ऐकता आलं नाही. भिंतीला धरून खाली बसलो.
तिने दिवा घालवला. मी खिशातला पुरावा काढला आणि कार्डावरचा नंबर फिरवला.
पलीकडच्या बाईंनी विचारलं, काय त्रास आहे? मी म्हणालो, मायग्रेन.
कधीपासून, असं विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. फोन लेकीकडे दिला. तिला माहीत होतं.