थंड सरडा पळत नाही

६ फेब्रुवारी

आज तो आला! प्रयोगशाळेत मदतीला आणखी एक माणूस घेणार असं आमच्या बाई म्हणत होत्या, पण मला वाटलं होतं कुणी म्हातारा, निवृत्त, खोकणारा असेल. आला तो ताडमाड. स्टुलावर बसला की गुडघे टेबलाच्या वर येतात. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं — लंबू.

बाईंनी त्याला सरड्यांच्या पेट्यांपुढून फिरवलं. आधी सरड्यांची ओळख करून दिली, मग माझी. ‘हा आपला जुना माणूस. अडलं तर ह्याला विचार.’ जुना! माझं वय काय, आणि जुना!

मार्च संपताना एकच जागा कायम होणार आहे. दुसऱ्याने घरी जायचं. बाईंनी हे आम्हा दोघांसमोर सांगितलं, चहा ढवळता ढवळता. लंबू हसला. मला जमलं नाही.

७ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘तू आधीपासून आहेस ना? मग झालं.’ भावोजी जेवता जेवता म्हणाले, ‘नाही झालं तर गोदामात जागा आहेच. पोती मोजायला कुणीतरी लागतंच.’ ताईच्या घरात राहतो, त्यामुळे मान खाली घालून जेवलो. पण गोदामात मी गेलो तर संपलो. तिथे सगळे ओरडून बोलतात.

११ फेब्रुवारी

आज त्याला काम शिकवलं. शिकवायला लागलं!

बाईंचं म्हणणं असं की जनावराचा घाट नीट पाहिला तर ते काय खातं, कसं पळतं, कसं वागतं हे अर्धंअधिक कळतं. आमच्याकडे मुख्यतः दोन प्रकार. एक सरडे — अंगाने चपटे, डोकं मोठं, मान आखूड. हे एका जागी बसतात. फांदीवर, दगडावर, तासन्‌तास. रातकिडा टप्प्यात आला की झडप, चिकट जीभ, खेळ खलास. दुसऱ्या सापसुरळ्या — लांबुडक्या, गुळगुळीत, पाय तोकडे. त्या स्वस्थ बसत नाहीत. जीभ लवलव करत वास घेतात, पानांखाली शिरतात, लपलेली अळी शोधून काढतात. एक वाट बघून जगतो, दुसरी हिंडून.

लंबूने ऐकलं आणि म्हणाला, ‘म्हणजे तू सरडा आणि मी सापसुरळी!’ मावशी झाडत होती, ती झाडू टाकून हसली. बाईसुद्धा हसल्या.

मी विचारलं नव्हतं त्याला.

१२ फेब्रुवारी

पण खरंच आहे. मी जागेवरून हलत नाही. तो दिवसभर हिंडतो — वाचनालयात, शेजारच्या पक्ष्यांच्या खोलीत, वॉचमनच्या चौकीत. येताना काहीतरी घेऊन येतोच. एखादी जुनी जाळी, फुकटचा कागद, कुणाच्या तरी लग्नाची बातमी. आल्याला आठवडा झाला नाही तर सगळे त्याला ओळखतात. मला इथे अजून ‘ते पेटीवाले’ म्हणतात.

१७ फेब्रुवारी

पेट्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने लिहिल्या. ‘मादि’. ‘पाणि’. सगळ्या काढून नव्याने लिहिल्या मी. शाळा अर्धवट सुटली म्हणून काय झालं, ऱ्हस्व-दीर्घ माझं कधी चुकत नाही. त्याने पाहिलं आणि हात जोडले — ‘गुरुजी, क्षमा!’ आता सगळे मला गुरुजी म्हणायला लागलेत. वॉचमनसुद्धा.

२१ फेब्रुवारी

कोपऱ्यातला मोठा सरडा — रुंद जबड्याचा, गळ्याखाली पिशवी लोंबते तो — फक्त माझ्या चिमट्यातून खायचा. फक्त माझ्या! आज जेवून परत आलो तर लंबू त्याला हाताने अळी भरवत होता. बोटाने! सरडा मान वर करून खात होता, डोळे मिटून.

बाई पाहत होत्या. म्हणाल्या, ‘वा.’

मला त्यांनी कधी ‘वा’ म्हटलेलं नाही. ‘ठीक’ म्हणतात.

२२ फेब्रुवारी

जेवलो नाही. ताई म्हणाली, ‘पोटात दुखतंय का?’ भावोजी म्हणाले, ‘दुखतंय, पण औषध नाही त्याच्यावर.’ त्यांना काय माहीत! कुणी सांगितलं त्यांना?

१ मार्च

चावा मोजायचं काम सुरू. चामडं गुंडाळलेली पत्र्याची दुहेरी पट्टी असते, सरडा ती चावतो, काटा हलतो. डोकं जितकं रुंद तितका चावा जोरात — टणक भुंगेरे फोडून खाणाऱ्याला तसंच डोकं लागतं. अरुंद डोक्याचे मऊ किडे खातात. हे मी गेल्या वर्षापासून बघतोय. पण मी बघतो आणि नोंद करतो. लंबू बघतो आणि बोलतो! ‘बाई, ह्या मोठ्या डोक्याच्यांमध्ये भांडणं पण जास्त होतात ना? म्हणजे डोकं खाण्यासाठी की भांडणासाठी?’

बाई खुर्चीतून पुढे सरकल्या. तासभर दोघांचं बोलणं चाललं. मी पट्टी पुसत उभा.

हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. शप्पथ. आधी आला होता.

२ मार्च

आला होता का? कोण जाणे.

९ मार्च

सोमवारपासून धावा. लाकडी लांब पन्हळ, तळाला खरखरीत कापड, मागून शेपटीला मऊ कुंचला लावायचा की सरडा सुटतो. मागचे पाय लांब त्याचा वेग जास्त. जे बारीक फांद्यांवर राहतात त्यांचे पाय आखूड — ते सपाटीवर हळू, पण काठीवरून पडत नाहीत. एक मात्र आहे. धावण्याआधी त्यांना दिव्याखाली चांगलं तापवावं लागतं. सरड्याला स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते. थंड सरडा पळत नाही. हा आमच्या खोलीचा पहिला नियम, दारावरच लावलाय. माझ्या अक्षरात.

धावा घेणार लंबू. बाईंनीच सांगितलं — ‘त्याचा हात हलका आहे.’

१२ मार्च

उद्या वरचे साहेब येणार, धावा बघायला. म्हणजे जागेचं उद्याच ठरणार, असं सगळे बोलतायत. मावशी म्हणाली, ‘गुरुजी, तोंड पाडून नका बसू. सरड्याची धाव कुंपणापर्यंत.’ धीर दिला की टोमणा मारला, कळलं नाही.

१३ मार्च

केलं.

सकाळी लवकर गेलो. दिव्याचं बटण बंद केलं. थोड्या वेळाने पेट्यांची झाकणं हाताने चाचपली — गार. लंबू यायच्या वेळी रातकिडे आणायला मागच्या खोलीत गेलो आणि तिथेच राहिलो. रातकिड्यांच्या डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा लावत होतो. सरडे पळणार नाहीत, साहेब घड्याळ बघतील, बाई त्याच्याकडे बघतील. एवढंच हवं होतं मला. जनावरांना इजा नको होती. थोडा गारवा, एवढंच.

मग आतून आरडाओरडा. मग हसणं! हसणं का?

१३ मार्च, संध्याकाळी

लिहायला बसलो तरी डोकं ठणकतंय. झालं असं — सरडा पन्हळीत ठेवला, कुंचला लावला. पळाला नाही. उलट फिरला! तोंड वासलं, गळा फुगवला, आणि लंबूचं बोट धरलं. सोडेना. दुसरा ठेवला, तोही तसाच. तिसराही. तापलेला सरडा पळतो. गार पडलेल्याला पळता येत नाही, म्हणून तो उभा राहून लढतो! साहेब म्हणाले, हे तर धावांपेक्षा मोठं निघालं. बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. लंबूचं नाव अहवालात जाणार.

आणि दिवा? मी भीत भीत विचारलं मावशीला. ती म्हणाली, ‘त्यानंच बंद केला होता ना. तोच म्हणाला तसं.’

तो म्हणाला तसं!

दिवा मी बंद केला! मी! माझा गुन्हासुद्धा त्याने पळवला! आणि मला तोंड उघडता येत नाही. ‘बाई, ते माझं आहे’ — असं म्हणू? आणि का बंद केला विचारलं तर? चोर आहे तो. चोर. चोर.

१६ मार्च

बोटाला पट्टी बांधून हिंडतो. सगळे विचारतात, तो गोष्ट सांगतो. सांगताना दर वेळी सरडा मोठा होतो. मला म्हणाला, ‘गुरुजी, तुझं लक्ष कुठे असतं हल्ली?’ मी पाण्याच्या वाट्या घासल्या. घासलेल्याच परत घासल्या.

२३ मार्च

आज बाईंनी आत बोलावलं. मला वाटलं, आटोपलं आपलं. गोदाम डोळ्यांपुढे आलं, पोत्यांचा वाससुद्धा आला.

बाई म्हणाल्या, ‘जागा तुझी.’

ऐकूच आलं नाही आधी. त्या पुढे म्हणाल्या, ‘हुशार तो आहे, त्यात वाद नाही. अहवालात त्याचं नाव राहील. पण न विचारता जनावरांचा दिवा बंद करणारा माणूस मला ह्या खोलीत नको. एक दिवस ह्यातून शोध लागला. दुसऱ्या दिवशी जनावरं मेली असती.’ आणि किल्ली पुढे केली. ‘तू असं कधी करायचा नाहीस.’

‘नाही, बाई,’ म्हणालो. म्हणालो मी तसं.

ताईने मिठी मारली. भावोजींनी पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला. बरं झालं! भोगू दे. दुसऱ्याचं ओरबाडलं की असंच होतं. मी काही त्याला म्हटलं नव्हतं, माझा दिवा तुझ्या नावावर घे म्हणून.

२४ मार्च

पण नाव त्याचंच छापणार. किल्ली काय, किल्ली कुणीही सांभाळतो.

३१ मार्च

लंबू गेला. सगळ्यांना भेटला. पक्ष्यांच्या खोलीतले दोघं फाटकापर्यंत पोहोचवायला गेले, वॉचमन तर रडवेला. मी जाईन त्या दिवशी कोण येईल? मला म्हणाला, ‘गुरुजी, मोठ्याला अळ्या कमी दे, सुस्तावलाय.’ जाताजाताही शिकवतो मला! मी ‘बरं’ म्हटलं आणि दार लावून घेतलं.

२ एप्रिल

मावशी फरशी पुसता पुसता आपणहून बोलली. त्या दिवशी साहेब पोहोचायच्या आधीच बाईंनी पेट्या चाचपल्या होत्या. भडकल्या होत्या — दिवा कुणी बंद केला, आत्ताच्या आत्ता हाकलते त्याला! तेव्हा तो म्हणाला, मी. सरडा चावला तो नंतर — पुन्हा तापवायला वेळच नव्हता, साहेब दारात, म्हणून गारच ठेवले पन्हळीत. ‘लवकर आला होता तो. काचेतून बघितलं होतं त्यानं तुम्हाला,’ मावशी म्हणाली. ‘मी पण. मी विचारलं त्याला, का रे बाबा? तर म्हणाला, मला कुठंही काम मिळेल, मावशी. त्याला नाही मिळायचं.’

खरं आहे. म्हणूनच जास्त चीड येते.

दुपारी बाईंच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. रातकिडे घालायचे होते.