निवडलेले दाणे

३ नोव्हें.
आणखी एक पिलू गेलं. बारातली नऊ राहिली. गळ्याखालची पिशवी दाण्यांनी गच्च आणि अंग मात्र उपाशी मेल्यासारखं हलकं. मुंगसानं कोंबडी नेल्यापासून मी जपतेय यांना, ते यासाठी? ह्यांना म्हटलं, सगळं तुमच्या फरशीमुळं. सबंध अंगण मढवलं, नखभर माती ठेवली नाही. तर म्हणे, चिखलातून सुटलीस त्याचं काहीच नाही.

४ नोव्हें.
अजून एक. सुनेवर ओरडले. खायला वैशालीच घालते. किडकी ज्वारी घातली असशील, म्हटलं. "न्हाई आत्याबाई, निवडून, भरडून घालते." एवढंच. मान खाली. भांडली असती तर बरं झालं असतं. सून गप्प बसली की माझं तोंड जास्तच सुटतं.

६ नोव्हें.
आज गेलेलं पिलू शेजारच्या गिरजामावशींनी हातात घेऊन दाबून पाहिलं. म्हणाल्या, "कोंबडीच्या जातीला दात हायत का? पोटात खडा नसल्यावर दाणा दळायचा कशानं?" मग भरडीत बोटं फिरवली. "एक कच न्हाई हिच्यात. देवाला वाहायलाव का पिलाला घालायलाव?"
पिलांच्या ज्वारीतले खडे कुणी काढतं का? वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "तुमीच म्हनलात, या घरात दाण्यात खडा दिसला न्हाई पायजे."
म्हटलं होतं. दिवाळीत, पाहुण्यांच्या पंगतीत भातात एक खडा निघाला तेव्हा. डोळे माहेरी ठेवून आलीस का, हेही म्हटलं होतं, सगळ्यांदेखत. लेक शेजारीच जेवत होता, चकार शब्द काढला नाही. त्याचाही राग येतो. माझा तर

७ नोव्हें.
वैशाली सकाळच्या यष्टीनं जिंतूरला, माहेरी. आईला बरं नाही म्हणे. मी काय समजायचं ते समजले.
गोदेची वाळू मागवली. रव्याच्या चाळणीनं चाळली, धुतली, बशीत घातली. सातही पिलं तुटून पडली. ह्यांचा नेमका पाय पडला बशीवर. "आता घरात वाळू कशाला आणायलीस?" मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

१० नोव्हें.
सातच्या सात हिंडतात. गळे मऊ.
वै.चा फोन. आधी पिलांचं विचारलं. सांगितलं, वाळू ठेवते. "बरं केलंत." कधी येतेस, विचारायचं होतं. चुकलं माझं, म्हणायचं होतं. सुनेला कसं म्हणायचं, या विचारात मी राहिले आणि तिनं फोन ठेवला. चीड येते माझीच. इतर वेळी जीभ कशी चालते.

१२ नोव्हें.
तांदूळ मीच निवडले, चष्मा लावून. तरी ह्यांच्या घासात खडा. त्यांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला. दिवाळीतही ह्यांनाच लागला होता. तेव्हाही असाच गुपचूप कडेला ठेवला होता. पाहिला मी, ओरडले मी.
खडा धुऊन पिलांच्या बशीत टाकला. मोठा होता, एकानंही उचलला नाही.
ह्यांना म्हटलं, उद्या पिलांकडं बघा, मी जिंतूरला जाऊन येते.
"काय म्हनून?"
भाचीला बघायला, म्हटलं. जिंतूरला माझी भाची नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे. वाळूची बशी कुठं ठेवायची, तेवढं विचारून घेतलं त्यांनी.